डोंगरावर लूकआऊट मॅन का नव्हता?



आपल्यातल्या पुष्कळांनी पासवर हरिद्वार गाठून पुढे बसने बद्रीनाथ केले असेल. नोकरी इटारसीला असो, हुबळीला असो की सिकंदराबादला, मराठी रेल्वेवाला रिटायर होण्याआधी एकदा तरी आई-वडिलांना बद्रीनाथ घडवतोच. पोस्टातल्या आमच्या मित्रांचेही एलटीसीचे पहिले बिल बहुधा तिकडचेच असते. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली करीत बस जोशीमठला पोचते. तिथून एक रस्ता अलकनंदेच्या काठाने बद्रीनाथला जातो आणि दुसरा धौलीगंगेच्या काठाने मलारीकडे, नीती खोऱ्यात. दुसऱ्या रस्त्याला यात्रेकरू फारसे वळत नाहीत. त्या रस्त्यावर तपोवन नावाचे छोटे गाव आहे आणि त्याच्याही वर रैणी आहे.

रविवार, ७ फेब्रुवारी २०२१. भर हिवाळा. आदल्या दोन-तीन दिवसांत बर्फ पडून गेले होते, मग स्वच्छ ऊन पडले. सकाळी साडेदहाच्या सुमारास वरच्या डोंगरातून चिखल, दगड आणि पाणी यांचा लोंढा खाली आला. रैणीजवळचा ऋषिगंगा वीज प्रकल्प, १३.२ मेगावॅटचा, जागेवरून नाहीसा झाला. मलारी रस्त्यावरचा पूल गेला. पुढे तपोवनला एनटीपीसीचा ५२० मेगावॅटचा तपोवन–विष्णुगाड प्रकल्प बांधला जात होता. त्याचा बंधारा गाडला गेला आणि बोगद्यांत चिखल भरला. मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांचा आकडा दोनशेच्या वर गेला. यात गावकरी थोडे. बाकी जवळजवळ सगळे कामगार.

त्या दिवसापासून एक शब्द आमच्या कानावर पडतो आहे. नैसर्गिक आपत्ती. मंत्री म्हणाले नैसर्गिक आपत्ती, अधिकारी म्हणाले नैसर्गिक आपत्ती, टीव्हीवरचा माणूस हिमकडा फुटला म्हणाला आणि जाहिरातीला गेला. नदीला हिवाळ्यात पूर आला म्हणजे ऊन पडून बर्फ वितळले असणार, त्यात माणसाचा काय दोष, असा एकूण सूर होता. आम्ही या शब्दाशी भांडायला हा लेख लिहीत आहोत. आम्ही मॅट्रिक झालेले, आयुष्य रुळांवर काढलेले लोक. भूगर्भशास्त्र आम्हाला शिकवायचे नाही. पण कामावरच्या माणसाचे रक्षण कसे करतात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तेवढ्या बळावर आम्ही बोलणार आहोत.

आधी निसर्गाची बाजू नीट मांडू, म्हणजे कोणी आम्हाला अडाणी म्हणायला नको. त्याच वर्षी जूनमध्ये पन्नासहून अधिक शास्त्रज्ञांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांचे म्हणणे असे की साधे ऊन पडून बर्फ वितळले आणि पूर आला, असे हे घडलेले नाही. रोंती शिखराच्या उत्तरेकडच्या कड्याचा एक प्रचंड तुकडा, साडेपाच हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवरून, सुटून खाली पडला. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर. आमच्या भाषेत सांगायचे तर एका बॉक्सएन वॅगनमध्ये छप्पन घनमीटर माल मावतो. अठ्ठावन्न वॅगनचा रेक धरला तर हा माल आठ हजारांहून अधिक रेकचा झाला. त्यात चार हिस्से खडक आणि एक हिस्सा बर्फ. हे सगळे अठराशे मीटर खाली दरीत आदळले, आणि त्या घसरणीत व आपटण्यात जी उष्णता झाली तिने जवळजवळ सगळे बर्फ क्षणात वितळले. ऐन हिवाळ्यात नदीला पाणी आले ते असे.

ठीक आहे. कडा आम्ही पाडला नाही, सरकारनेही पाडला नाही. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे. ती कोणी भाषणात सांगितली नाही. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत त्या कड्यावरची फट आधीपासून दिसते. २०१६ साली तिथेच शेजारून बर्फाचा मोठा लोट कोसळला होता. म्हणजे डोंगराने सिग्नल दिला होता. तो बघायला केबिनमध्ये माणूस नव्हता.

आता हिशेब करा. कडा सुटला तिथपासून ऋषिगंगा प्रकल्प साधारण पंधरा किलोमीटर आणि तपोवन त्याच्या पुढे आणखी दहाएक किलोमीटर. ऋषिगंगेजवळ लोंढ्याचा वेग सेकंदाला पंचवीस मीटरच्या घरात होता, आणि पुढे तो कमी होत गेला. तोंडी गुणाकार-भागाकार केला तरी ऋषिगंगेच्या कामगारांना दहा मिनिटे आणि तपोवनच्या कामगारांना वीस मिनिटे मिळत होती. त्या भागातल्या भूकंपमापक यंत्रांवर कडा पडल्याची नोंद झाली होती, आणि अशा नोंदींवरून आगाऊ इशारा देता येईल असे शास्त्रज्ञांनी नंतर लिहिले. यंत्रांचे सोडा. रैणीहून तपोवनला एक फोन लागला असता आणि तपोवनला एक भोंगा असता, तर दहा मिनिटे मिळाली असती. दहा मिनिटांत धडधाकट माणूस डोंगराच्या अंगाला किती वर चढतो? बोगद्यातून बाहेर यायला किती वेळ लागतो? नाही सगळे, पण किती जण वाचले असते?

भोंगा नव्हता.

त्या दिवशी तपोवनच्या कामावर लूकआऊट मॅन कोण होता, हे आम्ही तुम्हाला सांगतो. वर्तमानपत्रांत आलेली हकीकत आहे. वरच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या बाईला खालून येणारा लोंढा दिसला. तिचा मुलगा प्रकल्पावर ड्रायव्हर होता. तिने त्याला फोनवर फोन लावले. पहिल्यांदा त्याला खरे वाटेना. आई ओरडत राहिली. शेवटी तो आणि त्याच्याबरोबरचे दोन डझनांच्या आसपास लोक वर पळाले आणि वाचले. पाचशे वीस मेगावॅटचा प्रकल्प, हजारो कोटींचा, आणि त्याची इशारा-यंत्रणा म्हणजे एका कामगाराची आई आणि तिच्या मोबाईलमधला बॅलन्स!

आता आमच्या घरचे सांगतो. रुळांवर गँग काम करीत असेल आणि दिसण्याची अडचण असेल, वळण असेल, कटिंग असेल, तर लूकआऊट मॅन ठेवल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, असा आपला नियम आहे. त्याने हातात फावडे घ्यायचे नाही. त्याने फक्त बघायचे आणि शिट्टी मारायची. रूळ अडलेला असेल तर लाल बावटा, आणि फटाके: सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. पावसाळ्यात रात्रभर गस्त. पेट्रोलमन कंदील, बावटे, फटाके, शिट्टी आणि गस्तीचे पुस्तक घेऊन चालतो आणि पुढच्या माणसाच्या हातात पुस्तक दिल्याशिवाय परत फिरत नाही. धोक्याच्या पुलावर आणि दरडीच्या कटिंगवर बसता पहारा. हे नियम साहेबांच्या दयेने आलेले नाहीत. एकेक नियमामागे प्रेते आहेत. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यानंतर कोकण रेल्वेवर कटिंगला जाळ्या बसल्या, पहारे वाढले, पावसाळ्यात गाड्यांचे वेग उतरले. सह्याद्रीतली दरडसुद्धा नैसर्गिकच असते. पण तिथे पहारेकरी ठेवता येतो हे आपण करून दाखवले आहे.

आमचे सगळे आलबेल आहे असा याचा अर्थ नाही. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे लासलगाव–उगावदरम्यान टॉवर वॅगनखाली आपले चार ट्रॅक मेंटेनर गेले. नियम पुस्तकात असला म्हणजे माणूस वाचतोच असे नाही, हे आम्ही छातीवर दगड ठेवून कबूल करतो. पण पुस्तकात नियम होता म्हणून चौकशीत प्रश्न विचारता आला. तपोवनला कोणता नियम मोडला म्हणून विचारायचे? नदीच्या वरच्या अंगाला पहारा ठेवावा, असा नियम कामाच्या अटीत नसेल तर मोडणार काय?

कोणी म्हणेल, हिमालयात भोंगे बसवणे सोपे नाही. बर्फ असते, वीज नसते, वगैरे. आम्ही हे ऐकून घेतले असते. पण पूर येऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत रैणीजवळ पाण्याची पातळी वाढली की वाजणारे यंत्र बसवले गेले. तोच डोंगर, तेच बर्फ, तोच फेब्रुवारी. थोड्या दिवसांचे काम होते. वर्षानुवर्षे बांधकाम चालले, सिमेंट चढले, स्फोटाची दारू चढली, वजनदार यंत्रे चढली, फक्त भोंगा चढत नव्हता. तो चढायला दोनशे माणसे मरावी लागली.

रैणीच्या लोकांनी ओरड केली नव्हती काय? हे रैणी कोणते गाव, हे जुन्या सभासदांना आठवेल. १९७४ च्या मार्च महिन्यात गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला गेले असताना ठेकेदाराची माणसे झाडे तोडायला आली, आणि गौरादेवी व गावातल्या बायकांनी जंगलात जाऊन झाडे अडवली. चिपको म्हणतात ते हे. त्या वेळी इकडे आपली १९७४ च्या मे महिन्यातल्या देशव्यापी संपाची तयारी चालली होती. आपल्याला त्यांची खबर नव्हती, त्यांना आपली नव्हती. दोघांच्या समोर ठेकेदार होता एवढे मात्र सारखे. त्याच रैणीतून २०१९ साली ऋषिगंगा प्रकल्पावरच्या स्फोटांविरुद्ध आणि नदीत टाकल्या जाणाऱ्या मलब्याविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज गेला होता. पुरानंतर प्रकल्पांविरुद्ध पाच जण पुन्हा कोर्टात गेले, तेव्हा जुलै २०२१ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि प्रत्येकाला दहा हजार रुपये खर्च भरायचा आदेश झाला. न्यायालयाच्या निकालावर आम्ही टीका करीत नाही. आम्ही फक्त पावती वाचून दाखवतो आहोत.

आता बोगद्याकडे वळू. एका बोगद्यातून त्याच दिवशी बारा जणांना इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांनी ओढून बाहेर काढले. आत अडकलेल्यांपैकी एकाच्या मोबाईलला रेंज मिळाली, त्याने बाहेर कळवले, म्हणून. दुसऱ्या बोगद्यात जे होते त्यांच्यातला एकही जिवंत आला नाही. दिवसेंदिवस चिखल उपसणे चालले. तोंडाशी नातेवाईक बसून होते. आणि इथे आम्हाला सगळ्यात जास्त संताप आणणारी गोष्ट सुरू होते: आत नेमके किती माणसे आहेत? तीस? पस्तीस? रोज आकडा बदले. बेपत्तांची एकूण यादीही रोज बदले.

मित्रहो, आपल्याकडे कोळशाच्या वॅगनचा हिशेब लागतो. पोस्टात एका रजिस्टर पत्राचा हिशेब लागत असे. ते कोणत्या थैलीतून, कोणत्या गाडीने, कोणाच्या सहीने गेले हे सांगता येत असे. जिवंत माणूस बोगद्यात सकाळी शिरला त्याची नोंद नाही? मस्टर होते असे म्हणतात. कोणाकडे? मुख्य कंपनीचे वेगळे, तिच्या ठेकेदाराचे वेगळे, त्याच्या पोटठेकेदाराचे वेगळे, आणि त्याच्या मुकादमाच्या खिशात एक वही. वही मुकादमाबरोबर चिखलात गेली. माणसे लखीमपूर खेरीची, झारखंडची, डोंगरातल्याच जिल्ह्यांतली. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा जिवंत होता. त्यात साफ लिहिले होते की ठेकेदाराने प्रत्येक परप्रांतीय कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यावे, आणि जीवघेणा अपघात झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व जवळच्या नातेवाइकांना कळवावे. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा कायदा होता. तुमच्यापैकी कोणी असे पासबुक डोळ्यांनी पाहिले आहे काय? आम्ही नाही पाहिले.

शेवटी देह मिळेनात. मिळाले त्यांची ओळख पटेना. बेपत्ता माणूस मेला असे मानायला कायद्याने सात वर्षे थांबावे लागते, म्हणून सरकारला खास आदेश काढून मृत्यूचे दाखले द्यायची सोय करावी लागली. ते करणाऱ्यांचे आम्ही आभारच मानतो. पण दाखला मिळवायला बाईने आधी सिद्ध करायचे की नवरा तिथे कामाला होता. कशावरून करणार? नावाची वही चिखलात.

यावरून आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती आजवर आम्ही कोणत्याही अधिवेशनात सांगितली नाही. २००८ चा पावसाळा. एका मोठ्या यार्डात केबलसाठी चर खोदणारा कंत्राटी मजूर शंटिंगच्या डब्यांखाली सापडला. लूकआऊट मॅन नव्हता. ठेकेदाराच्या मुकादमाला त्याचे नाव विचारले तर म्हणाला, पप्पू. पुरते नाव? पप्पूच. गाव? उधर का है. खिशात तंबाखूची पुडी आणि चार घड्या घातलेली मनीऑर्डरची पोच. पोचेवर घेणाऱ्याचा अंगठा, आणि भिजून पुसट झालेला पोस्टाचा गोल शिक्का. आरएमएसमध्ये सॉर्टिंगला आमचे एक मित्र होते, मराठीच. त्यांनी ती पोच दिव्याखाली धरली. शिक्क्याची चार अक्षरे उरली होती. त्यांनी पूर्व उत्तर प्रदेशातल्या एका पोस्टाचे नाव घेतले, जिल्ह्यासकट. तीस वर्षे थैल्या फोडलेला माणूस तो. तार केली, फोन केले, तिथल्या पोस्टमनने अंगठा ओळखला. म्हणजे अंगठा नव्हे, अंगठा देणारी म्हातारी ओळखली. सहाव्या दिवशी मयताचा भाऊ आला. तोवर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार होऊन गेले होते. त्याला आम्ही ती पोच दिली.

मुख्य मालक कोण, या प्रश्नावर फाईल चार टेबले फिरली आणि कुठे थांबली ते आम्हाला कळले नाही. कळले नाही, कारण आम्ही विचारले नाही. त्या महिन्याच्या शाखेच्या बैठकीत विषय निघाला होता. कोणी तरी म्हणाले, आपला सभासद नव्हता. आम्ही अध्यक्षांच्या शेजारी बसलो होतो. आम्ही अजेंड्यावरच्या पुढच्या विषयाला हात घातला. क्वार्टर्सच्या गळतीचा विषय होता, आणि त्यावर दीड तास चर्चा झाली.

तपोवनची बातमी टीव्हीवर बघताना आम्हाला ती पोच आठवली, म्हणून हे लिहितो आहोत. आपला सभासद नव्हता! हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी उच्चारलेले आहे. १९९० नंतर खाजगीकरण आले तेव्हा आपण मोर्चे काढले, घोषणा दिल्या. पण आपल्याच यार्डात, आपल्याच रुळावर, आपल्याच सॉर्टिंग हॉलमध्ये ठेकेदाराची माणसे शिरली तेव्हा आपण त्यांच्याकडून चहा मागवला. गँगमधली रिकामी पदे भरली नाहीत म्हणून आपण निवेदने दिली, आणि त्या पदांचे काम करणाऱ्या पोराचे नावसुद्धा विचारले नाही. पोस्टातल्या बांधवांना हे नव्याने सांगायला नको. ग्रामीण डाक सेवक पोस्टाचाच शिक्का मारतो, पोस्टाचाच थैला वाहतो, पण त्याला खात्याचा पूर्ण नोकर म्हणत नाहीत. २०१८ च्या मे-जूनमध्ये ते लाखोंच्या संख्येने संपावर गेले तेव्हा खात्यातल्या किती कायम नोकरांनी त्यांच्या मंडपात जाऊन बसायचे कष्ट घेतले, हे ज्याचे त्याने आठवावे.

काही मंडळी म्हणतील, तपोवनचे प्रकरण जुने झाले. तेव्हापासून काय सुधारले ते पाहू. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा दिवस. उत्तरकाशी जिल्ह्यात सिल्क्याराच्या रस्ता-बोगद्यात ४१ कामगार अडकले. साडेचार किलोमीटरच्या या बोगद्याला मंजुरी देताना सरकारने २०१८ साली त्यात सुटकेचा मार्ग असेल असे जाहीर केले होते. ज्या दिवशी सुटका हवी होती त्या दिवशी मार्ग नव्हता. सतरा दिवस गेले. परदेशातली यंत्रे आली, मोडली. शेवटी आडवे पडून हातांनी माती उकरणारे बारा मजूर आले, ज्यांना ‘रॅट मायनर’ म्हणतात. ज्या पद्धतीच्या कोळसाखाणींवर हरित लवादाने २०१४ साली मेघालयात बंदी घातली तीच विद्या जाणणारे हे लोक. त्यांनी उरलेला ढिगारा फोडला आणि २८ नोव्हेंबरला सगळे ४१ जण बाहेर आले. देशाने टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना सुटकेच्या मार्गाचे विचारायचे राहून गेले.

मग २८ फेब्रुवारी २०२५. पुन्हा चमोली जिल्हा, पुन्हा हिवाळ्याचा शेवट. बद्रीनाथच्या पलीकडे माणा येथे सीमा रस्त्याचे बर्फ हटवणाऱ्या ५४ कामगारांवर हिमस्खलन कोसळले. ते लोखंडी कंटेनरमध्ये झोपले होते. आठ जण गेले. आदल्या दिवशी त्या जिल्ह्याच्या उंच भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला गेला होता. चार वर्षांत एवढी प्रगती झाली असे म्हणू: तपोवनला इशाराच नव्हता, माणाला इशारा होता आणि माणसे तरीही त्याच कंटेनरमध्ये होती. इशारा कोणाला दिला? कागदाला दिला. आपल्याकडे माळीण गाव ३० जुलै २०१४ ला डोंगराखाली गेले तेव्हा त्याची पहिली खबर बाहेर आणली ती एसटीच्या ड्रायव्हरने, कारण नेहमीच्या ठिकाणी त्याला गाव दिसेना. जिथे रोज कामावर जाणारा माणूस आहे तिथेच बातमी असते. त्याच्या हातात शिट्टी द्यायची अक्कल मात्र वर कोणाला होत नाही.

हे सगळे हिमालयातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्याला ऋषिकेश–कर्णप्रयाग लाईनची आठवण देतो. सव्वाशे किलोमीटरची लाईन, त्यातली शंभराहून अधिक किलोमीटर बोगद्यांतून. आपल्याच रेल्वेचे काम आहे. आज आत खोदणारे ठेकेदाराचे मजूर आहेत. लाईन सुरू होईल तेव्हा तिथे स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, कीमॅन, ट्रॅक मेंटेनर आपले जातील, आणि थैला घेऊन पोस्टाचा माणूस जाईल. आम्ही लाईनच्या विरोधात नाही. डोंगरातल्या बाईला बाळंतपणासाठी खाली यायला आगगाडी मिळाली तर आम्हाला आनंदच आहे. वीजही हवी, रस्ताही हवा. विकासाचे शत्रू म्हणून आम्हाला हिणवणाऱ्यांनी एकदा तपोवनच्या बोगद्याच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारावे की विकासाच्या अंदाजपत्रकात भोंग्याची रक्कम कोणी खोडली.

इकडे कायद्याचे काय झाले तेही ऐका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९७९ चा कायदा त्यात विरघळला. पूर्वी पाच परप्रांतीय कामगार असले की तो लागत असे, आता दहा लागतात. कंत्राटी कामगारांचा कायदा वीस कामगारांना लागत असे, आता पन्नासांना. म्हणजे ज्या पोटठेकेदाराची माणसे मुकादमाच्या वहीत होती तो आता कायद्याच्या बाहेर उभा राहूनच वही लिहू शकतो. याला सुलभीकरण म्हणतात. सुलभ कोणाला?

संहितेविरुद्धचा लढा अनेक महासंघांचा मिळून आहे आणि तो चालू राहील. पण तोवर आम्ही काय करणार, हा प्रश्न आमच्या विभागाच्या कार्यकारिणीत निघाला तेव्हा दोन तास वाद झाला. एक जुने पदाधिकारी म्हणाले, कंत्राटी माणसांची नावे लिहून घेतली तर उद्या ती सभासदत्व मागतील, मग कायम नोकरांचे हित कोण बघणार? त्यांचे म्हणणे आम्ही इथे मुद्दाम छापतो आहोत, कारण असे पुष्कळांना वाटते आणि बोलून दाखवायचे धैर्य त्यांच्याकडेच होते. आमचे उत्तर एवढेच की मागू द्या. रुळावर शेजारी उभा असलेला माणूस गाडी येताना ओरडला नाही तर आपणही मरतो. डब्याचे चाक सभासदत्वाची पावती बघत नाही.

ठराव बहुमताने मंजूर झाला. तेरा विरुद्ध पाच. आपल्या विभागात ज्या ज्या ठिकाणी ठेकेदाराची माणसे रुळाजवळ, यार्डात, पुलाखाली किंवा आरएमएसच्या प्लॅटफॉर्मवर काम करतात, तिथल्या शाखेने रोज सकाळी त्यांची नावे, गाव, पोस्ट, जिल्हा आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर वहीत लिहून घ्यायचा. वहीची एक प्रत कामाच्या जागी राहील आणि एक युनियन ऑफिसात. लूकआऊट मॅन नसेल तर काम सुरू होण्यापूर्वी शाखा सचिवाने सुपरवायझरला लेखी विचारायचे आणि उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवायची. उत्तर मिळाले नाही तर तसे लिहायचे. पोस्टातल्या बांधवांना विनंती की गाव-पोस्टाची नावे अर्धवट असतील तिथे ती पुरी करून द्यावीत, या कामात तुमच्याइतका वाकबगार कोणी नाही. हिमालयातल्या लाईनवर बदलीने किंवा डेप्युटेशनवर गेलेले कोणी मराठी बांधव असतील तर त्यांनी तिथल्या बोगद्यांच्या तोंडाशी कोणते मस्टर ठेवतात आणि नदीच्या वरच्या अंगाला पहारा आहे की नाही, हे पोस्टकार्डावर का होईना कळवावे.

वहीचा नमुना सगळ्या शाखांना पाठवला आहे. वह्या कमी पडत असतील तर दोनशे पानी साध्या वह्या घ्याव्यात, बिल शाखेच्या फंडातून भागवावे. पहिल्या महिन्याचे अहवाल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत यायला हवेत.